इथं सही करा

आपल्याकडे माणूस रिटायर झाला की त्याच्याकडे दोन गोष्टी चालत येतात. एक पेन्शन आणि दुसरं कशाचं तरी अध्यक्षपद. पेन्शनसाठी निदान दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अध्यक्षपदाला तेवढीही अट नाही.

मी पेणच्या एका बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेली. चेक हातात घ्यायचा, नमुन्याचं कार्ड काढायचं, वेलांटीचा कल बघायचा, खालची दोन टिंबं मोजायची. गावात माझी ख्याती अशी, की मी माणसाला तोंडावरून ओळखत नाही, सहीवरून ओळखतो. असा मी निवृत्त होऊन ओटीवर बसलो आणि तिसऱ्याच महिन्यात आमच्या आळीतल्या संस्थेचे सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन आले. संस्थेचं नाव सांगत नाही. अजून पेणमध्येच राहायचं आहे. एक वाचनालय, एक मुंजी-बारशांना भाड्यानं द्यायचा हॉल आणि एक कपाटभर जुनी इतिवृत्तं, एवढा तिचा पसारा.

"अण्णा, तुम्ही अध्यक्ष व्हा," सेक्रेटरी म्हणाले. "काम काही नाही हो. नुसतं बसायचं आणि सांगू तिथं सही करायची."

वास्तविक ज्या पदाला काही काम नाही त्याची निवडणूक कशाला, चिठ्ठी टाकली तरी चालेल. पण समोरून एक निवृत्त हेडमास्तर उभे राहिले आणि आळीत जे रणकंदन माजलं ते विचारू नका. मतदार सतरा. त्यातल्या एकाच्या घरी माझ्या बाजूनं पोह्याचे पापड गेले, तर दुसऱ्या बाजूनं लोणच्याची बरणी. (पेणमध्ये याहून मोठी लाच अजून कोणाला सुचलेली नाही.) दोन सख्ख्या भावांनी महिनाभर अबोला धरला. शेवटी मी नऊ विरुद्ध आठ मतांनी निवडून आलो. घरी आल्यावर आमची ही म्हणाली, "एवढं करून मिळालं काय?" मी म्हटलं, "खुर्ची." ती म्हणाली, "ती घरात आहेच."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि पुढं कितीतरी दिवस मी तेच मत स्वतःचं म्हणून लोकांना ऐकवत होतो. २०२२ च्या जुलैमध्ये राष्ट्रपतीची निवडणूक आली तेव्हा तर मला चांगलाच चेव चढला. अठरा तारखेला मतदान होतं. शेजारचे नाना, एस.टी.तून रिटायर झालेले, सकाळी पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "अण्णा, आपल्या पेणच्या आमदाराच्या एका मताची किंमत किती माहिती आहे? एकशे पंचाहत्तर!"

हे गणित मला पाठ. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ भरली. तिला २८८ आमदारांनी भागायचं, मग पुन्हा हजारानं भागायचं, की १७५ येतात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे याच रीतीनं २०८ होतात आणि सिक्कीमच्या आमदाराचे फक्त ७. २०२६ नंतर पहिली जनगणना होऊन तिचे आकडे येईपर्यंत हे असंच चालायचं आहे. म्हणजे १९७१ साली रोह्याला आमच्या घरी मोजदाद करायला आलेल्या गुरुजींनी मला मोजलं, तो मी एका मताचा एक हजारावा भाग आहे. माझा मुलगा १९८५ चा. तो चांगला इंजिनियर आहे, पण राष्ट्रपतीच्या हिशेबात तो अजून जन्मलेला नाही. आणखी एक गंमत. भागाकार चोख केला तर दर आमदारामागे माणसं येतात एक लाख पंचाहत्तर हजार बेचाळीस. वरचे बेचाळीस सोडून देतात. त्या बेचाळिसात मी नसेन अशी आशा आहे.

"आणि एवढी आकडेमोड कशासाठी?" मी नानांना विचारलं. "ज्या माणसानं मंत्रिमंडळ सांगेल तिथं सही करायची त्याच्यासाठी! बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं १९७६ मध्ये स्पष्टच लिहून टाकलं, की मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वागायचं. मग मुर्मूबाई आल्या काय नि यशवंत सिन्हा आले काय? शाडूचा गणपती तो. आपण पाट देऊन ठेवायचा, दहा दिवस आरत्या म्हणायच्या..."

मी असा रंगात आलेला असताना आमचे सेक्रेटरी पावसातून छत्री मिटत ओटीवर आले. काखेत फाईल. "अण्णा, तुमचं चालू द्या. फक्त इथं सही करा. आणि इथं. आणि हे मागच्या बाजूला." मी नानांकडे बघत चार सह्या केल्या आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. सेक्रेटरी चहासुद्धा न घेता गेले. किती कामसू माणूस, असं मी म्हटल्याचं मला आठवतं.

नाना मात्र गप्प झाले होते. ते मूळचे रोह्याचे, मीही रोह्याचा. बराच वेळ पागोळ्यांकडे बघून ते म्हणाले, "एकोणसत्तर साली तुझा बाप काय म्हणाला होता ते विसरलास वाटतं."

विसरलो नव्हतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये मी बारा वर्षांचा होतो. आमचे वडील रोह्याला शाळामास्तर. तेव्हा रोह्याला आगगाडी नव्हती. जगाशी संबंध म्हणजे एस.टी. आणि शेजारच्या वखारवाल्यांचा रेडिओ. झाकीर हुसेन मे महिन्यात राष्ट्रपतिपदावर असतानाच वारले होते आणि त्यांच्या जागी कोण, यावर सगळ्या देशात धुमश्चक्री चालली होती. रोह्यात ती जरा जास्त होती, कारण उभ्या असलेल्या पंधरा जणांमध्ये एक आमचा होता. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण बालपण गेलं रोह्यात, म्हणजे आमच्या हिशेबानं रोह्याचाच. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आय.सी.एस.ला पहिला नंबर, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर, मग देशाचा अर्थमंत्री. ही यादी आम्हां पोरांना पाढ्यांसारखी यायची, कारण गणित चुकलं की वडील ती म्हणून दाखवत आणि शेवटी म्हणत, "आणि तू!"

पण वडिलांच्या लेखी या यादीतलं सगळ्यांत मोठं कर्तृत्व वेगळंच होतं. १९५२ साली चिंतामणराव आमच्या कुलाबा जिल्ह्यातून (रायगड हे नाव १९८१ चं) लोकसभेवर गेले होते, आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. "खुर्चीवर बसणारे पुष्कळ असतात," वडील म्हणत, "हा उठणारा आहे."

वीस ऑगस्टला निकाल लागला. श्रावणातला पाऊस कोसळत होता आणि वखारवाल्यांच्या ओटीवर वीस-पंचवीस माणसं रेडिओला कान लावून होती. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार असलेले आमचे चिंतामणराव तिसरे आले. गिरींना ४,०१,५१५, संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. म्हणजे पहिल्या फेरीत कोणीच पास नाही. भारताच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मतं मोजून राष्ट्रपती ठरला तो आजवर तेवढा एकदाच. ती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

माणसं हळहळत घरी गेली. वडिलांनी मात्र कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या बाजूला बेरीज मांडली. रेड्डींची मतं अधिक आमच्या चिंतामणरावांची मतं बरोबर ४,२६,३१७. वडिलांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे बघा, चिंतामणरावांना पहिलं मत देणाऱ्या सगळ्यांनी दुसरं रेड्डींना दिलं असतं तर गिरी पडले असते. त्यातली काही फुटली आणि राष्ट्रपती ठरला. आमचा माणूस पडला, पण पडता पडता त्यानं कोणाला तरी बसवलं!" रोह्यानं भारताचा राष्ट्रपती ठरवला, हा सिद्धांत त्यांनी पुढं आयुष्यभर सोडला नाही. कोणी खोडायला आलं की ते कॅलेंडरचं पान काढत.

आता यानं फरक काय पडला, हा मुद्दा. वडिलांचं म्हणणं, पुष्कळ. माझं म्हणणं तसं नव्हतं, पण एका बाबतीत माझी अडचण होती. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर सही होती ती हंगामी राष्ट्रपती असलेल्या गिरींची. ती करून दुसऱ्या दिवशी ते निवडणुकीला उभे राहण्यासाठी पदावरून उतरले. पुढं सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द ठरवला, तर १९७० च्या फेब्रुवारीत दुसरा वटहुकूम आला. त्यावरही सही गिरींचीच. त्या चौदांपैकी एका बँकेत मी चिकटलो. म्हणजे राष्ट्रपतीच्या सहीला काही अर्थ नसतो हे मी ज्या पेन्शनच्या जोरावर ओटीत बसून सांगत होतो, ती पेन्शनच मुळात त्या सहीच्या पोटातून आली होती.

आणीबाणी आली तेव्हा वडिलांना आणखी बळ आलं. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दिन अली अहमद यांच्यापुढं कागद आला, त्यांनी सही केली, आणि मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी पहाटे. वडील म्हणाले, "तिथं चिंतामणराव असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, मंत्रिमंडळाचा ठराव कुठं आहे?" मी कॉलेजात होतो, मला फार कळायचं. मी म्हटलं, "बाबा, ते १९६९ मध्ये निवडून आले असते तरी त्यांची मुदत चौऱ्याहत्तर सालीच संपली असती." वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताट उचलून मोरीत ठेवायला गेलो. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता हे १९७८ मध्ये पार्लमेंटनंच मान्य केलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, असं घटनेत घातलं. शिवाय आलेला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली. एकदाच. पुन्हा तोच आला तर मात्र मुकाट्यानं मानायचा.

एकदा म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. पण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायचा कागद के. आर. नारायणन यांच्याकडे आला. त्यांनी तो परत पाठवला आणि मंत्रिमंडळानं पुन्हा पाठवलाच नाही. एका राज्याचं सरकार राहिलं ते कोणी गर्जना केली म्हणून नव्हे. एका म्हाताऱ्या माणसानं कागद वाचला, म्हणून.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असण्याचा आणि ओटीवर बोलण्याचा संबंध असतोच असं नाही.

आता त्या चार सह्यांचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी संस्थेचा शिपाई दारात आला. सव्वीस वर्षं तो वाचनालयाचं कुलूप सकाळी सातला उघडत होता. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची, कोणत्या आजींना मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागतं ते बाजूला काढून ठेवायचं, कोणता सभासद पानं फाडतो त्याच्यावर नजर ठेवायची, हे सगळं तोच करी. त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.

"सायेब, ही सही तुमचीच हाय ना?"

मी चष्मा लावला. सवयीनं प्रथम सहीच बघितली. वेलांटीचा कल बरोबर. खाली दोन टिंबं. "माझीच," मी म्हटलं. "अस्सल आहे." मग वरचं वाचलं. 'आर्थिक कारणास्तव शिपाई हे पद १ ऑगस्टपासून रद्द करण्यात येत आहे.'

"सेक्रेटरींना इचारलं," तो म्हणाला, "ते बोलले, अध्यक्षांनी केलंय. म्हणून तुमच्याकडं आलो."

मी त्याला काय सांगणार? मी केलं नाही, कमिटीनं केलं? कमिटी म्हणते अध्यक्षांनी केलं. अध्यक्ष म्हणतो मी नुसता सही करणारा. सतरा माणसांच्या मध्ये एका माणसाची भाकरी गेली होती आणि ती नेमकी कोणी काढली हे विचारायला जावं तर घरात कोणीच नाही! नामधारी माणसाचा उपयोग मला त्या संध्याकाळी कळला. सगळ्यांनी आपापली पापं ठेवायची ती खुंटी.

मी सभा बोलावली. फेरविचार म्हटला. दोन तास बोललो. नारायणन सांगितले, चिंतामणराव सांगितले, वडिलांची बेरीजसुद्धा सांगितली. जे आठ जण निवडणुकीत हेडमास्तरांकडे होते, त्यांतले पाच माझ्या बाजूनं आले. माझे म्हणून जे नऊ, त्यांतला एकही आला नाही. ठराव पुन्हा मंजूर. फेरविचाराचं फळ एवढंच, की शिपायाला सव्वीस वर्षांचे जे पैसे द्यायचे ते 'यथावकाश' देण्याऐवजी 'पंधरा दिवसांत' द्यायचे ठरले. त्या चेकवर सही माझी होती. ती मी आकडा अक्षरी आणि अंकी दोनदा वाचून केली.

सभेनंतर हेडमास्तर माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले. "अण्णा, राग मानू नका," ते म्हणाले, "पण मी का पडलो ठाऊक आहे? आदल्या वर्षी मी उपाध्यक्ष होतो. हॉलच्या भाड्याचा एक कागद मी सहीला आला तेव्हा वाचत बसलो आणि त्यातली शुद्धलेखनाच्या चुकांबरोबर एक बेरजेची चूकही काढली. तेव्हाच यांनी ठरवलं, की बँकेतला माणूस बरा, भराभर सह्या करतो."

म्हणजे नऊ विरुद्ध आठ ही निवडणूक, जिला मी तमाशा म्हणत होतो, ती अगदी खरी निवडणूक होती. कागद वाचणारा आणि न वाचणारा यांच्यातली. मतदारांना ते स्वच्छ माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त विजयी उमेदवाराला.

राजीनामा लिहिला होता. 'उठणारा' होण्याची ही एकच संधी आपल्या वाट्याला, असं वाटून झोप लागली नव्हती. सकाळी तो खिशात घालून निघालोही. वाटेत विचार आला, मी उठलो तर तिथं कोण बसेल? हा विचार चांगला होता की माझ्या भित्रेपणाला कोणीतरी शिवलेला सदरा होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. राजीनामा त्याच सदऱ्याच्या खिशात राहिला आणि हिनं तो धुतला.

तेव्हापासून मी कागद वाचतो. सगळे वाचतो. सेक्रेटरी हल्ली चहा घेऊनच जातात, कारण वेळ तेवढा लागतोच. आणि कार्यकारिणीत माझ्या तब्येतीची चौकशी फार वाढली आहे. "अण्णा, दगदग होत असेल आता," असं दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. पुढच्या निवडणुकीसाठी एका निवृत्त सर्कल इन्स्पेक्टरांचं नाव ऐकू येतं. त्यांना मोतीबिंदू आहे म्हणे.

लहानपणी रोह्यात दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांची पालखी निघायच्या आधी पोलीस बंदुका घेऊन ओळीनं उभे राहत आणि महाराजांना मानवंदना देत. अजूनही देतात. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, "महाराज पोलिसांना हुकूम देतात?" "नाही." "मग सलाम कशाला?" वडील म्हणाले, "फौजदारालासुद्धा वर्षातून एकदा कोणापुढं तरी उभं राहावं लागतं, म्हणून." मला वाटलं होतं, महाराजांना नुसतं बसून सलाम घ्यायचा म्हणजे किती आराम! आता वाटतं, एवढ्या बंदुका आपल्यासमोर रोखून नव्हे तर उभ्या धरलेल्या राहाव्यात, हेच मोठं काम असेल.

यंदा गणपती सांगायला मी एका कारखान्यात गेलो. पेणमध्ये एवढे कारखाने, पण त्या बाजूला मी आधी फिरकलो नव्हतो. आत शेकडो मूर्ती फळ्यांवर बसलेल्या. अंगाचे रंग झालेले, डोळ्यांची आखणी अजून व्हायची. तेवढे डोळे सोडले तर सगळे सारखेच दिसतात. मागच्या बाजूनं पॉलिशपेपर हातात घेतलेला एक माणूस आला. आमचा शिपाई. केस जरा पांढरे झाले होते.

"बसा सायेब," त्यानं स्टूल पुसून दिलं. "कोणता हवा?"

मी एकावर बोट ठेवलं. पटकन ठेवलं, कारण त्याच्यासमोर फार वेळ उभं राहवत नव्हतं.

"असं नको," तो म्हणाला. "डोळे जाल्यावर बगून घ्या. चतुर्थीच्या दिवशी घाई व्हते, मग लोकं दुसऱ्याचाच उचलून नेतात." त्यानं टेबलावरचं पावतीपुस्तक पुढं सरकवलं आणि पेन दिलं. "नाव लिवा. आणि इथं सही करा."

मी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता.

"थांब जरा," मी म्हटलं. "काय लिहिलंय ते वाचून दाखव."

त्यानं पावती उजेडात धरली आणि वाचायला सुरुवात केली.